बुल रन की शायलो?

अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी आपल्याकडे जे थोडेफार वाचले जाते ते बहुधा लिंकनच्या चरित्राच्या अनुषंगाने, आणि त्यामुळे गेटिसबर्गचे भाषण व नाट्यगृहातील ती प्राणघातक गोळी एवढेच दोन प्रसंग वाचकाच्या मनात ठसून राहतात; परंतु त्या चार वर्षांच्या संहारातील पहिले दीड वर्ष, ज्या काळात उभय पक्षांस आपण कशासाठी व किती काळ लढणार आहोत याची नीटशी कल्पनाही नव्हती, ते मात्र दृष्टीआड राहते. माझ्या स्नेह्यांपैकी दोघांचा या काळाचा व्यासंग मोठा आहे. एक फौजेतून निवृत्त झालेले मेजरसाहेब, दुसरे जिल्हा न्यायालयात उभी हयात घालवलेले वकीलसाहेब. त्या आरंभीच्या लढायांनी नेमके काय ठरवले, या एकाच प्रश्नावर त्यांचे मतभेद इतके मूलगामी आहेत की ते जसेच्या तसे मांडणे मला उपयुक्त वाटले. मध्ये जेथे बोलल्यावाचून राहवले नाही तेथे मीही बोललो आहे.

वकीलसाहेब : आरंभ सम्टरच्या किल्ल्यापासून करू, कारण कायद्याच्या भाषेत बोलायचे तर वादाचे कारण तेथे उत्पन्न झाले. 12 एप्रिल 1861 रोजी पहाटे साडेचार वाजता चार्ल्स्टनच्या बंदरात बंडखोर राज्यांच्या तोफा सुरू झाल्या. किल्ल्यात मेजर अँडरसन आणि बाहेर त्याचाच लष्करी विद्यालयातील शिष्य बोरेगार्ड. सुमारे चौतीस तास गोळे पडत राहिले, आणि तरीही त्या भडिमारात उभय पक्षांचा एकही मनुष्य मेला नाही. किल्ला खाली करण्यापूर्वी निशाणाला सलामी देताना दारूचा स्फोट झाला आणि एक शिपाई गेला, तोच या युद्धातील पहिला बळी म्हणावयाचा. 15 तारखेस लिंकनने पंचाहत्तर हजार स्वयंसैनिकांची मागणी केली, आणि ती ऐकताच व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी व उत्तर कॅरोलिना ही आजवर कुंपणावर बसलेली राज्ये दक्षिणेस मिळाली.

मेजरसाहेब : आणि मुदत किती, तर तीन महिने! शिपायाला बंदूक खांद्यावर नीट धरायला शिकवण्यातच तीन महिने जातात. ज्या सरकारने एवढ्या मुदतीवर फौज उभी केली त्याला युद्धाची कल्पनाच नव्हती, असे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे.

वकीलसाहेब : ती मुदत लिंकनच्या मर्जीची नव्हती, मेजरसाहेब. 1795 सालच्या कायद्याने राष्ट्राध्यक्षास तेवढ्याच काळापुरते राज्यांचे स्वयंसैनिक बोलावण्याचा अधिकार दिलेला होता. काँग्रेसचे अधिवेशन भरेपर्यंत त्याच्या हाती दुसरे साधन नव्हते.

मेजरसाहेब : कायद्याचे असेल, भोगले ते शिपायांनी. उत्तरेच्या फौजेचा मॅकडॉवेल हा काही मूर्ख सेनापती नव्हता. नवख्या सैन्यानिशी चाल करून जाण्यास तो नाखूश होता, त्याने अवधी मागितला. परंतु वृत्तपत्रांनी दक्षिणेच्या राजधानीवर, रिचमंडवर, चाल करण्याचा धोशा लावलेला आणि नव्वद दिवसांची मुदत संपत आलेली. सुमारे पस्तीस हजारांची फौज घेऊन तो निघाला. मनॅससच्या रेल्वे जंक्शनपाशी, बुल रन नावाच्या ओढ्यामागे, बोरेगार्ड वीस-बावीस हजारांनिशी मोर्चे बांधून बसला होता. मॅकडॉवेलचा बेत उत्तम होता: पुलावर शत्रूला गुंतवून ठेवायचे आणि मुख्य दळाने वळसा घेऊन वरच्या अंगाच्या सडली उतारावरून त्याची डावी बगल गाठायची. 21 जुलै, रविवार. मध्यरात्रीनंतर दोन वाजता कूच ठरले. परंतु अंधारात, अरुंद रस्त्यावर, कधी एकत्र न चाललेल्या पलटणी एकमेकींत अडकल्या, आणि वळसा पुरा व्हायला सकाळचे नऊ वाजून गेले. ते गमावलेले तास आगगाडीने घेतले. शेनंडोआच्या खोऱ्यात जोसेफ जॉन्स्टनची फौज होती. तिला तेथेच खिळवून ठेवण्याचे काम वृद्ध पॅटरसनवर सोपवलेले, आणि ते त्याच्याने झाले नाही. जॉन्स्टनच्या पलटणी गाडीत बसून मनॅससला आल्या. रेल्वेच्या डब्यांतून कुमक थेट रणभूमीजवळ उतरल्याचे इतके ठळक उदाहरण त्यापूर्वी क्वचितच सापडेल.

वकीलसाहेब : दुपारपर्यंत तर संघराज्याचाच विजय होता.

मेजरसाहेब : होता. हेन्रीच्या घराची टेकडी राहिली होती. ते घर एका विधवेचे. म्हातारी ऐंशी ओलांडून गेलेली, अंथरुणाला खिळलेली. घराच्या आडोशाने शत्रूचे नेमबाज गोळ्या झाडतात असे दिसताच उत्तरेच्या तोफखान्यातील रिकेट्सने आपल्या तोफा त्या घराकडे वळवल्या, आणि म्हातारी अंथरुणातच गोळ्याने गेली. लढाई कोठे चालली आहे हे पाहायला वॉशिंग्टनहून काँग्रेसचे सभासद आणि इतर बघे फराळाच्या टोपल्या घेऊन सेंटरव्हिलला आले होते, आणि येथे टेकडीवर एका म्हातारीला आपल्या घरात मरायलाही जागा उरली नव्हती. पुढची गोष्ट अधिक उद्वेगजनक. एकंदर अकरा तोफा त्या टेकडीवर नेल्या. एवढ्यात झाडीतून निळ्या गणवेशाची एक पलटण समोर आली. तोफखान्यातील ग्रिफिन म्हणाला शत्रू आहे, त्याने तोफा भरल्याही. तोफखान्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, बॅरीने, ती आपलीच माणसे आहेत असे सांगून त्याला थांबवले. ती व्हर्जिनियाची 33 वी पलटण होती. हाकेच्या अंतरावरून एक फैर, आणि गोलंदाज व घोडे जागच्या जागी कोसळले. त्या वेळी गणवेशाचा काही धरबंद नव्हता. निळे दक्षिणेकडे, करडे उत्तरेकडे. एका चुकीच्या हुकमाने तोफा गेल्या, तोफांबरोबर टेकडी गेली, आणि सायंकाळी शेनंडोआहून आलेल्या ताज्या पलटणी उजव्या बगलेवर येऊन आदळताच सारी फौज मागे फिरली. कब रनच्या पुलावर गाडा उलटून वाट बंद झाली, आणि माघारीचा पळ झाला. न्यू यॉर्कचा एक काँग्रेस सभासद, अल्फ्रेड इली, झाडाआड सापडून कैद झाला.

वकीलसाहेब : दोन्ही बाजू मिळून साडेआठशेच्या आसपास ठार.

मेजरसाहेब : पुढल्या वर्षाच्या मानाने थोडे. परंतु त्या दिवशी ते भयंकर वाटले, आणि वाटले तेच योग्य होते.

वकीलसाहेब : आता माझे म्हणणे ऐकून घ्या. तुम्ही हा पराभव सेनापतीच्या, रस्त्यांच्या, गणवेशांच्या खात्यावर मांडता, आणि ते सारे खरे आहे. परंतु दुसऱ्याच दिवशी, 22 जुलैला, प्रतिनिधिगृहाने एक ठराव संमत केला, आणि 25 तारखेस वरिष्ठ सभागृहानेही तशाच अर्थाचा केला: हे युद्ध राज्यांचे अधिकार अथवा त्यांच्या प्रस्थापित संस्था उलथून पाडण्यासाठी नाही, संघराज्य अखंड राखणे एवढाच त्याचा हेतू आहे. प्रस्थापित संस्था म्हणजे गुलामगिरी, हे प्रत्येक सभासद जाणत होता. आता कल्पना करा, बॅरीने ग्रिफिनला थांबवले नसते, टेकडी हाती आली असती, महिनाभरात रिचमंड पडले असते. संघराज्य पुन्हा जोडले गेले असते, बंडखोरांना माफी मिळाली असती, आणि चाळीस लक्ष माणसे पूर्वीप्रमाणेच लिलावात विकली गेली असती, तीही काँग्रेसच्या ठरावाच्या संरक्षणाखाली. बुल रनच्या पराभवाने ते टळले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, 6 ऑगस्टला, त्याच काँग्रेसने जप्तीचा पहिला कायदा केला: बंडाच्या लष्करी कामास लावलेल्या गुलामांवरील धन्याचा हक्क नष्ट. मोर्चे बांधायला आणि खंदक खोदायला शत्रू कोणाचे हात वापरतो, हे पराभवाने त्यांना दाखवून दिले. म्हणून मी म्हणतो की या युद्धाचा खरा निकाल बुल रनवर लागला, आणि तो उत्तरेच्या विरुद्ध लागला हेच मनुष्यजातीचे भाग्य.

मेजरसाहेब : हे मला मान्य नाही, आणि मान्य होणारही नाही. पराभवाला भाग्य म्हणणे हे जो तेथे नव्हता त्याला शोभते. दुसरे असे की पराभवाने युद्ध लांबते हे खरे, परंतु पराभवांनी युद्ध हरलेही जाते. तशाच आणखी दोन-चार बुल रन झाल्या असत्या, इंग्लंडने दक्षिणेला मान्यता दिली असती, तर तुमचा जप्तीचा कायदा कोणत्या भूमीवर चालला असता? इंग्लंडच्या गिरण्यांत येणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग तेथूनच जात होता.

कापसाचे नाव निघाले म्हणून येथे थोडे थांबतो, कारण या दूरच्या युद्धाची झळ व लाभ ही दोन्ही आपल्या प्रांतापर्यंत पोहोचली होती. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली तसा लँकेशायरचा डोळा मुंबईकडे वळला; खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला, त्या पैशातून मुंबईत बँका व समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच ते सारे भाव कोसळून अनेक घराणी धुळीस मिळाली. एवढेच स्मरण राहिले असते तर ते आपल्यास भूषणावह नव्हते. परंतु 1873 साली जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, नीग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या युद्धातून रुपयांच्या राशीपेक्षा निराळे काही घेण्याजोगे आहे हे ज्यांना उमगले, त्यांच्यापैकी एक पुण्यात राहत होता, याचा मला अभिमान वाटतो.

मेजरसाहेब : तुमच्या नजरा सगळ्यांसारख्या पूर्वेकडे, दोन राजधान्यांच्या मधल्या शंभर मैलांवर. मी नकाशा पश्चिमेकडून वाचतो. टेनेसी नदी दक्षिणेत खोलवर, अलाबामापर्यंत वळसा घेते आणि मग उत्तरेला वाहत ओहायोला मिळते. कंबरलँड नॅशव्हिलवरून येते. ज्याच्याकडे लढाऊ नौका आहेत त्याला या दोन नद्या म्हणजे शत्रूच्या घरात शिरणारे दोन राजमार्ग, आणि त्यांना ना उखडता येईल असा रूळ, ना जाळता येईल असा पूल. उत्तरेच्या फौजेचा ग्रँट आणि नौदलाचा फूट यांनी ते ओळखले. 6 फेब्रुवारी 1862 ला टेनेसीवरचा हेन्रीचा किल्ला फूटच्या लोखंडी पत्र्याने मढवलेल्या नौकांनीच घेतला. किल्ला इतक्या सखल जागी बांधलेला की नदीचे पाणी आत शिरले होते. 16 तारखेस कंबरलँडवरचा डोनेल्सनचा किल्ला पडला. तेथे तहाच्या अटी विचारणारा बकनर हा ग्रँटचा जुना मित्र, अडचणीत त्याला मदत केलेला. तरी ग्रँटने बिनशर्त शरणागतीखेरीज दुसरे काही देण्याचे नाकारले. बारा हजारांवर कैदी. नऊ दिवसांनी नॅशव्हिल. एका महिन्यात जे घडले तेवढे पूर्वेकडे दोन वर्षांत घडले नाही.

वकीलसाहेब : आणि त्यानंतर शायलो. तेथे तुमचा ग्रँट गाफील सापडला.

मेजरसाहेब : सापडला; त्याची वकिली मी करणार नाही. पिट्सबर्ग लँडिंगला नदीकाठी तळ पडलेला, भोवती खंदक नाहीत, चौक्या तळाच्या अगदी जवळ. शत्रू हल्ला करील ही शक्यताच कोणी मनात आणली नव्हती. 6 एप्रिलच्या सकाळी चाळीस हजारांहून अधिक लोक झाडीतून बाहेर पडले, आणि शायलोच्या लाकडी प्रार्थनामंदिराभोवतीचे तळ न्याहारीच्या वेळी उधळले गेले. दिवस वाचवला तो मध्यभागी प्रेन्टिसने. एका जुन्या गाडीवाटेच्या आश्रयाने तो तासन्‌तास लढला, आणि दोन्ही बाजू मोकळ्या पडून वेढा बसल्यावर सुमारे बावीसशे माणसांनिशी शरण गेला. तोवर सायंकाळचे साडेपाच झाले होते आणि ग्रँटने मागे तोफांची रांग उभी केली होती. त्याच दुपारी दक्षिणेच्या या फौजेचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन गेला. गुडघ्यामागे गोळी लागून धमनी तुटली, रक्त बुटात साचत राहिले, आणि घोड्यावरून डुलू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. आपल्या शस्त्रवैद्याला त्याने थोड्याच वेळापूर्वी जखमींकडे पाठवले होते, त्यांत शत्रूचेही जखमी होते. रक्त थांबवण्याची बांधणी खुद्द त्याच्याच खिशात निघाली. ती गुडघ्याच्या वर आवळायला एक जाणता मनुष्य पुरे होता.

वकीलसाहेब : हा माणूस गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढत होता हे विसरू नका.

मेजरसाहेब : विसरत नाही. शत्रूचे जखमी पाहून वैद्य पाठवणारा माणूस अशा कारणासाठी मेला, याचे मला अधिकच वाईट वाटते. ती रात्र मुसळधार पावसाची. नदीतल्या दोन नौका ठराविक अंतराने गोळे फेकत होत्या, म्हणजे शत्रूला झोप नको. मैदानात जखमी तसेच भिजत पडलेले. ग्रँट आधी एका झोपडीत गेला, तर तेथे हातपाय कापण्याचे काम चाललेले. ते सहन न होऊन तो परत पावसात झाडाखाली आला. रात्री ग्रँटच्या मदतीस ब्यूएलची फौज नदी ओलांडून आली, आणि दुसऱ्या दिवशी गमावलेली सारी जमीन परत घेतली. दोन दिवसांत ठार, जखमी व बेपत्ता मिळून तेवीस हजारांवर. ग्रँटने पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहिले की, या लढाईनंतर पूर्ण विजयावाचून संघराज्य वाचणार नाही अशी त्याची खात्री झाली. तुम्ही ठराव मोजता. मी हे मोजतो. ज्या दिवशी सेनापतीला तडजोडीची आशा उरली नाही, त्या दिवशी जुनी व्यवस्था मेली. तो दिवस शायलोचा.

वकीलसाहेब : सेनापतीचे मन बदलले असेल, परंतु त्याच्या छावणीचे दार कोणासाठी उघडे होते? पश्चिमेचा वरिष्ठ सेनापती हॅलेक याने नोव्हेंबर 1861 मध्ये हुकूम काढला होता की, पळून आलेल्या गुलामांस छावणीच्या हद्दीत येऊ देऊ नये. तुमचे सारे विजय या हुकमाखाली झाले. मिसूरीत फ्रेमाँटने बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला, तोही लिंकनने फिरवला. फौजेला जे सुचले नाही ते काँग्रेसने केले: मार्च 1862 मध्ये कायद्यानेच अधिकाऱ्यांस मनाई केली की, पळून आलेला मनुष्य धन्याच्या हवाली करावयाचा नाही. आणि प्रथम वाट काढली तीसुद्धा एका वकिलाने. मे 1861 मध्ये मन्रो किल्ल्यावरचा सेनापती बटलर मूळचा वकील. तीन गुलाम रात्री नावेतून किल्ल्यावर आले. धन्याने त्यांना शत्रूच्या तोफांचे मोर्चे बांधण्याच्या कामाला लावले होते. दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन एक अधिकारी त्यांना मागायला आला, फरारी गुलामांच्या कायद्याचा आधार घेऊन. बटलरने उत्तर केले की, व्हर्जिनिया स्वतःस परराज्य म्हणवते, तर परराज्यास आमच्या कायद्याचे संरक्षण कसले? ही माणसे शत्रूच्या लष्करी कामातली, म्हणून युद्धकाळी जप्त करता येण्याजोगा माल.

वकीलसाहेबांच्या या युक्तिवादाला मी मान देतो. परंतु येथे मला दोघांचेही पटत नाही. माणसास माल ठरवून मुक्त करणे ही कायद्याची किती दयनीय अवस्था! आणि बटलरला तो युक्तिवाद करण्याची वेळ कोणी आणली? बुल रन अद्याप दोन महिने दूर होती, काँग्रेसचे अधिवेशन भरलेले नव्हते, ग्रँटचे नावही कोणी ऐकले नव्हते. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड या तिघांनी, परत पाठवले गेल्यास आपली काय गत होईल हे पुरते जाणून, रात्रीच्या अंधारात नाव पाण्यात लोटली, आणि त्यांच्यामागून शेकडो माणसे बायकामुलांसह त्या किल्ल्याची वाट चालू लागली. या युद्धाचा हेतू बदलणारी पहिली चाल, माझ्या मते, त्यांची. दोघांनीही यावर हरकत घेतली नाही. मात्र दोघांनीही आपला मुद्दा सोडला नाही.

वकीलसाहेब : पूर्वेकडे पुढे काय झाले ते पाहा. 1862 च्या उन्हाळ्यात उत्तरेचा सेनापती मॅक्क्लेलन लाखाची फौज घेऊन रिचमंडच्या वेशीपर्यंत गेला. 31 मे रोजी जोसेफ जॉन्स्टन जखमी झाला, त्याच्या जागी ली आला, आणि जूनअखेरच्या सात दिवसांत त्याने मॅक्क्लेलनला नदीकाठापर्यंत मागे रेटले. पुन्हा पराभव, आणि पुन्हा कायदा: 17 जुलैला जप्तीचा दुसरा कायदा व त्याच दिवशी काळ्या माणसास फौजेत घेण्याची परवानगी, 22 जुलैला लिंकनने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळास वाचून दाखवला.

मेजरसाहेब : आणि मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री सेवर्डने काय सल्ला दिला? विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हा जाहीरनामा बुडत्याचा आक्रोश वाटेल. ऑगस्टअखेर बुल रनवर दुसरी हार झाली, तेव्हा तो कागद पेटीतच राहिला. 17 सप्टेंबरला अँटीटमच्या ओढ्यावर एका दिवसात दोन्हीकडचे मिळून बावीस हजारांवर पडले. रणदृष्टीने ती बरोबरी; 18 च्या रात्री ली पोटोमॅकच्या उतारावरून सुखरूप निघून गेला आणि मॅक्क्लेलनने त्याला जाऊ दिले. तरी मैदान संघराज्याकडे राहिले, आणि तेवढ्या आधारावर 22 तारखेस जाहीरनामा निघाला. म्हणजे तुमच्या कागदाला अखेरीस माझ्या मैदानाचीच गरज पडली.

वकीलसाहेब : परंतु 1 जानेवारी 1863 चा अंतिम जाहीरनामा वाचा. टेनेसी त्यातून वगळलेले आहे. जे राज्य तुमच्या ग्रँटने जिंकले, तेथल्या गुलामाला त्या कागदाने काहीच दिले नाही.

मेजरसाहेब : कागदाने दिले नाही, म्हणूनच तेथे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. त्या एका राज्यातून सुमारे वीस हजार काळी माणसे फौजेत भरती झाली. नॅशव्हिलमध्ये त्यांची 13 वी पलटण उभी राहिली, आणि डिसेंबर 1864 मध्ये त्याच शहराबाहेर, दक्षिणेच्या हूडच्या मोर्च्यावर ओव्हरटन टेकडी चढून जाताना, त्या एका पलटणीचे दोनशेहून अधिक लोक पडले. टेनेसीने पुढल्या फेब्रुवारीत गुलामगिरी रद्द केली ती स्वतःच्या मतदानाने.

वकीलसाहेब : त्यांच्या हाती बंदूक आली ती 17 जुलैच्या कायद्याने, आणि तो कायदा सात दिवसांच्या पराभवानंतर तीन आठवड्यांच्या आत झाला.

मेजरसाहेब : तो कायदा मी मानतो. परंतु भरतीचे टेबल नॅशव्हिलमध्ये मांडता आले, ते शहर फेब्रुवारी 1862 मध्ये हाती आले होते म्हणून. रिचमंडमध्ये तसे टेबल 1865 च्या एप्रिलपर्यंत कोणाला मांडता आले नाही.